सल्ला हवा: क्रॉसिंगची माहिती अर्धवट असलेल्या गाठींच्या आकृत्या, सुरुवात कुठून करावी?

तांबडीमाती

नमस्कार मंडळी,

कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. शनिवारी अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी घेते, अकरावी-बारावीची दहा-पंधरा मुलं हौसेनं थांबतात. यंदा गाठींचं गणित सुरू केलंय. दोरीला गाठ मारायची, दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची आणि मग न कापता ती सुटते का ते बघायचं, इथून सुरुवात केली. मुलं रमली आहेत.

फळ्यावर गाठ काढताना जिथे एक धागा दुसऱ्याला ओलांडतो (हेच क्रॉसिंग), तिथे जो धागा खालून जातो त्याची रेघ तोडायची असते. एका मुलीने तीन क्रॉसिंगची गाठ वहीत उतरवताना रेघा सलग काढल्या. शेजारच्याने विचारलं, "मग आता ही कुठली गाठ?" त्यावरून वर्गात जी चर्चा पेटली ती पुढचा अख्खा तास चालली. कुणी म्हणे, ही गाठच नाही. कुणी म्हणे, ही एकाच वेळी आठ गाठी आहे. एकाने विचारलं की तीनपैकी एकाच क्रॉसिंगवर वर-खाली माहीत असेल तर? दोनवर असेल तर?

मला हा धागा सोडायचा नाही. म्हणून विचारते:

यावर खरंच काही सिद्धांत आहे का? असल्यास काय वाचावं? माझी एमएस्सी झालीय, बीजगणित बरं आहे, टोपोलॉजी फारशी नाही. मुलांना जड यंत्रणा न वापरता यातलं काय करता येईल? आणि हा विषय उपयोगाचा आहे का, असं कुणी पालकाने विचारलं तर खरं उत्तर काय द्यावं?

---

सह्यकडा

ताई, तुमच्या मुलीने जी आकृती काढली तिला सावली म्हणतात. दोरीची गाठ उन्हात धरली की जमिनीवर जी रेघ पडते तीच: कुठे ओलांडलं ते दिसतं, वर कोण आणि खाली कोण ते दिसत नाही. काही क्रॉसिंगं ठरलेली आणि काही न ठरलेली अशी आकृती असेल तर तिचं नाव सूडोडायग्राम. जपानी गणिती र्यो हानाकी यांनी २०१०मध्ये ही कल्पना नीट मांडली. पुढे अ‍ॅलिसन हेन्रिच, स्लाविक याब्लान आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अशा आकृत्यांच्या हालचालींचे नियम ठरवून 'सूडोनॉट' ही वस्तूच उभी केली. तेव्हा "ही गाठच नाही" म्हणणारा आणि "ही आठ गाठी आहे" म्हणणारा, दोघांचंही म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे.

वाचायच्या आधी हाताने मोजा, असा माझा आग्रह आहे. तीन क्रॉसिंगच्या त्या सावलीत प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय, म्हणजे ८ आकृत्या. आठही काढा. त्यातल्या ६ सुटून नुसतं कडं होतात. उरलेल्या २ म्हणजे तिपाकळी गाठ: एक डावी, एक उजवी. मग चार क्रॉसिंगची, आठाच्या गाठीची सावली घ्या. १६ आकृत्या. त्यात १२ कडी, २ आठाच्या गाठी, आणि गंमत म्हणजे २ तिपाकळी, एक डावी एक उजवी. तिपाकळी त्या सावलीत लपलेली असते हे मुलांनी स्वतः शोधू द्या. आधी सांगू नका.

अशी 'कुठली गाठ किती वेळा' ही यादी म्हणजे माहितीच्या अभावाचं मोजमाप. हेन्रिच आणि मंडळींच्या कामात हीच यादी सूडोनॉट ओळखायची खूण म्हणून वापरली आहे. या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं वळण हेच आहे. आकृतीतून काय गळालं याची हळहळ न करता, गळाल्यावर अजून काय-काय शक्य उरतं हे काटेकोर सांगायचं.

दोन गोष्टी मुलांना लगेच सिद्ध करून दाखवता येतील.

पहिली: कुठल्याही सावलीला वर-खाली देऊन कडं बनवता येतं. कुठूनही चालायला लागा. प्रत्येक क्रॉसिंगवर पहिल्यांदा पोचाल तेव्हा 'वर' जा. दुसऱ्यांदा पोचाल तेव्हा आपोआप 'खाली' येईल. म्हणजे धागा सतत उतरत जातो आणि शेवटी एका उभ्या उडीत सुरुवातीला मिळतो. अशी दोरी अडकूच शकत नाही.

दुसरी: सावलीत फुकटचं क्रॉसिंग नसेल (म्हणजे ज्याच्यापाशी आकृती कापली तर सरळ दोन तुकडे पडतात असं), तर आळीपाळीने वर-खाली-वर-खाली दिलं की खरी गाठ मिळतेच. हे मात्र सोपं नाही. टेट यांनी एकोणिसाव्या शतकात तर्क केला होता, आणि कॉफमन, मुरासुगी व थिसलथ्वेट यांनी १९८७मध्ये जोन्स बहुपदी (गाठ ओळखायला तिच्या आकृतीवरून काढायची एक बहुपदी) वापरून सिद्ध केलं की अशी आकृती त्या गाठीची कमीत कमी क्रॉसिंगची आकृती असते. मुलांना विधान सांगा, सिद्धता पुढच्या काही वर्षांसाठी ठेवा.

पुस्तक एकच घ्यायचं तर कॉलिन अ‍ॅडम्स यांचं 'द नॉट बुक' (१९९४). टोपोलॉजी न येता वाचता येतं.

---

मृगजळ

सह्यकडा यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण एका मुद्द्यावर ठाम असहमत. "आठही आकृत्या काढा, सहा सुटतात" हे ठीक. उरलेल्या दोन *सुटत नाहीत* हे मुलांना कसं कळणार? हात दमले म्हणजे गाठ पक्की, हे गणित झालं नाही. म्हणून आधी रायडेमायस्टर यांच्या तीन हालचाली (१९२७; गाठ तीच ठेवून आकृती बदलायच्या तीन मूळ पायऱ्या) आणि लगेच तीन रंगांची चाचणी, मगच सावल्या.

चाचणी अशी. आकृतीतला प्रत्येक सलग तुकडा (एका तुटीपासून पुढच्या तुटीपर्यंत) लाल, पिवळा किंवा निळा रंगवायचा. प्रत्येक क्रॉसिंगवर भेटणारे तीन तुकडे एक तर सगळे एकाच रंगाचे, नाहीतर तिन्ही वेगळे. एकूण निदान दोन रंग वापरायचे. हे जमतं की नाही, ते तीनपैकी कुठल्याही हालचालीने बदलत नाही. तिपाकळीला जमतं, कड्याला जमत नाही. संपलं, सिद्धता झाली. खडू आणि फळा पुरतो.

आठाची गाठ तीन रंगांत जमत नाही. तिच्यासाठी रंगांऐवजी ० ते ४ हे आकडे घ्या आणि अट अशी ठेवा: वरच्या तुकड्याच्या आकड्याची दुप्पट आणि खालच्या दोन तुकड्यांची बेरीज यांना ५ने भागल्यावर बाकी सारखी यावी. अकरावीच्या मुलांना बाकीचं गणित शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त मला तरी माहीत नाही.

---

तांबडीमाती

मृगजळ, रंगांची चाचणी फार आवडली. हेच घेते आधी.

सह्यकडा, "काही ठरलेली, काही न ठरलेली" याबद्दल अजून थोडं लिहाल का? मुलांचा मूळ प्रश्न तोच होता: किती क्रॉसिंगं कळली म्हणजे पुरे?

---

सह्यकडा

मृगजळ यांचा मुद्दा मान्य, क्रम तसाच ठेवा.

तुमच्या मुलाचा प्रश्न हा नेमका हानाकींचा प्रश्न आहे. त्यांनी दोन संख्या मांडल्या. एक: कमीत कमी किती क्रॉसिंगं ठरवली की बाकीचं काहीही झालं तरी कडंच होणार. दुसरी: कमीत कमी किती ठरवली की बाकीचं काहीही झालं तरी गाठच होणार. तिपाकळीच्या सावलीत पहिली संख्या २, दुसरी ३. आठाच्या सावलीत पहिली २, कारण तिथली चार क्रॉसिंगं दोन जोड्यांत असतात. आकृतीत दोनच रेघांनी वेढलेले दोन चिमुकले कप्पे दिसतील. एकेका कप्प्याच्या दोन टोकांवरची क्रॉसिंगं म्हणजे एक जोडी. एका जोडीत तोच धागा दोन्हीकडे वर ठेवला की ती जोडी सुटते आणि मग उरलेली जोडी काहीही असो, सगळं सुटतं.

पहिली संख्या काढायची फार सुरेख रीत आहे. सावलीवर बोट ठेवून चालत जा आणि प्रत्येक क्रॉसिंगचं अक्षर लिहीत जा. प्रत्येक अक्षर दोनदा येईल. तिपाकळीसाठी: अ ब क अ ब क. आठासाठी: अ ब क अ ड क ब ड. ही अक्षरं वर्तुळावर मांडून सारखी अक्षरं जीवांनी जोडा. आता कमीत कमी किती जीवा पुसल्या की उरलेल्या एकमेकींना छेदत नाहीत? तेच उत्तर. तिपाकळीत तिन्ही जीवा परस्परांना छेदतात, म्हणून दोन पुसाव्या लागतात. आठात अ आणि ड पुसा, ब आणि क छेदत नाहीत, झालं.

हानाकींनी हेही सिद्ध केलं की गाठीच्या सावलीसाठी ही संख्या नेहमी समच येते.

जाता जाता, त्या अक्षरओळीत एक जुनी गाऊसची गोष्ट आहे: कुठल्याही अक्षराच्या दोन हजेऱ्यांमध्ये नेहमी सम संख्येनेच अक्षरं येतात. कारण त्या क्रॉसिंगपाशी वक्राचे दोन बंद फेरे होतात आणि कागदावरचे दोन बंद फेरे एकमेकांना सम वेळाच ओलांडतात. जो आत शिरतो त्याला बाहेर यावंच लागतं. मुलांनी मनाने अक्षरओळ रचली तर ती कागदावर काढता येणारच नाही, हे या एका चाचणीने अनेकदा लगेच कळतं.

अजून एक इशारा. इंटरनेटवर शोधाल तेव्हा सारख्या दिसणाऱ्या चार वस्तू भेटतील, त्यांची सरमिसळ करू नका. सूडोनॉटमध्ये क्रॉसिंग आहे, पण वर कोण ते माहीत नाही. सिंग्युलर गाठीत दोन धागे खरोखरच एका बिंदूत चिकटलेत. व्हर्च्युअल गाठीत (लुई कॉफमन, नव्वदचं दशक) ते क्रॉसिंग मुळात नाहीच, कागदावर काढावं लागलं म्हणून दिसतं. आणि सावलीत काहीच ठरलेलं नाही. फरक पटवायचा तर एकच उदाहरण द्या: धाग्याने स्वतःवरच घेतलेला एक साधा वेढा. त्याचं क्रॉसिंग 'माहीत नाही' असेल तर वेढा खुशाल काढून टाका, दोन्ही शक्यतांत तो सुटतोच. पण धागा तिथे चिकटलेला असेल तर तो वेढा असा काढता येत नाही.

---

ओरिगामीकर

ताई, मुलांसाठी यावर खेळ आहे! आमच्या निवासी शिबिरात घेतो, सातवीतली पोरंही खेळतात.

फळ्यावर सावली काढा. दोन खेळाडू: एक गाठवाला, एक सोडवणारा. आळीपाळीने एकेक क्रॉसिंग निवडायचं आणि तिथे वर-खाली ठरवून टाकायचं. शेवटी गाठ झाली तर गाठवाला जिंकला, कडं झालं तर सोडवणारा. हेन्रिच आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०११च्या सुमारास यावर रीतसर लेख लिहिलाय, त्यात बरेच डावपेच सिद्ध केलेत.

तिपाकळीच्या सावलीवर सोडवणारा नेहमी जिंकतो, पहिला खेळो की दुसरा. आठाच्या सावलीवर मात्र *जो दुसरा खेळतो तो जिंकतो*. सोडवणारा दुसरा असेल तर गाठवाल्याने ज्या जोडीला हात लावला तिथेच उत्तर देऊन ती जोडी सोडवून टाकायची. गाठवाला दुसरा असेल तर तोही त्याच जोडीत उत्तर देतो, फक्त पीळ पक्का करून. दोन्ही जोड्या पक्क्या झाल्या की गाठ होतेच, मग ती आठाची असो वा तिपाकळी.

मुलांना डाव आधी खेळू द्या. दोन-तीन फेऱ्यांनी कुणीतरी "सर, मी दुसरा खेळतो" म्हणायला लागतं, तिथे थांबून "का?" विचारायचं. दोरीचे तुकडे आणि कपड्यांचे चिमटे लागतात, बाकी खर्च नाही. सुतळी घेऊ नका, ती स्वतःलाच अडकते. गुळगुळीत नायलॉन दोरी बरी.

---

कावेरीकाठ

मी चेन्नईत राहते. इथे दारोदारी रोज सकाळी या सावल्याच काढलेल्या असतात: सिक्कु कोलम, ठिपक्यांच्या भोवतीने वळत जाणारी बंद रेघ. ती स्वतःला अनेकदा ओलांडते, पण वर-खाली दाखवायची पद्धत नाही. याब्लान यांनी आरशांच्या जाळ्यातून फिरणाऱ्या अशाच वक्रांवर बरंच काम केलंय.

मुलांना कोलमचा फोटो द्या आणि आधी हे विचारा की रेघ एकच आहे की दोन-तीन वेगवेगळ्या. हा प्रश्न सावलीवरूनच सुटतो, वर-खालीची गरजच नाही. दोन वेगळ्या रेघा असतील तर त्या एकमेकींत गुंतल्यात का, याचं उत्तर मात्र सावली देत नाही. सगळ्यात लहान उदाहरण: दोन ठिकाणी छेदणारी दोन वर्तुळं. चार शक्यता, त्यातल्या दोनमध्ये साखळीच्या दोन कड्या, दोनमध्ये सुटी. सावलीला काय कळतं आणि काय कळत नाही, याची रेषा इथे स्वच्छ आखता येते.

---

पेशीकेंद्र

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, माझं क्षेत्र जीवशास्त्र.

जिवाणूंमधला डीएनए बऱ्याचदा बंद कड्याच्या रूपात असतो आणि त्याला खरोखर गाठी पडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो काढला तर साधारण २ नॅनोमीटर जाडीचा धागा सपाट पडलेला दिसतो आणि क्रॉसिंगवर वर कोण ते कळत नाही. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीची वही! १९८३मध्ये क्रॅस्नो, स्टासियाक, कोझारेली आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय वापरून 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले: डीएनएवर रेकए नावाच्या प्रथिनाचा लेप चढवायचा. धागा १० नॅनोमीटरच्या आसपास जाड होतो, मग क्रॉसिंगवर वरचा-खालचा ओळखू येतो. त्यावरून गाठ डावी की उजवी हे थेट सांगता आलं, आणि गाठ पाडणारं एन्झाइम नेमकं कसं काम करतं याचा पुरावा मिळाला.

पेशीत क्रॉसिंग *बदलणारे* कारागीरही आहेत. टाइप-टू टोपोआयसोमरेज हे एन्झाइम डीएनएचा एक दुहेरी धागा कापतं, दुसरा त्यातून आरपार नेतं आणि काप पुन्हा सांधतं. गणितात ज्याला क्रॉसिंग उलटणं म्हणतात तेच, अक्षरशः. काही प्रतिजैविकं जिवाणूंच्या याच एन्झाइमना अडवतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्यातलंच. पालकांना एवढं पुरे व्हावं.

एक सावधानतेची सूचना. "८पैकी २, म्हणून गाठ असण्याची शक्यता पाव" असं मुलं पटकन म्हणतील. ते तेव्हाच खरं, जेव्हा प्रत्येक क्रॉसिंगवर दोन्ही पर्याय सारखेच संभवनीय असतात आणि एकमेकांवर अवलंबून नसतात. खऱ्या रेणूत तसं नसतं. मोजणी आणि संभाव्यता यांत इथे फरक करायला शिकवा, पुढे फार उपयोगी पडेल.

---

तळ्याकाठचा

इतकं सगळं आलं आणि आपल्या मुंबईचं काम राहिलं, ते मी सांगतो. तुमच्या बारावीच्या मुलांना बहुपदी येतात ना? मग हे त्यांच्यासाठीच आहे.

मुंबईतले गणिती अनंत शास्त्री यांनी १९९२मध्ये दाखवलं की प्रत्येक गाठ तीन बहुपदींनी लिहिता येते (दोन्ही टोकं अनंताकडे जातात, जोडायची गरज नाही). तिपाकळीसाठी त्यांचं उदाहरण असं. ट ही चल संख्या घ्या.

क्ष = टचा घन − ३ट
य = टचा चौथा घात − ४ × टचा वर्ग
झ = टचा पाचवा घात − १०ट

झ विसरा. नुसते क्ष आणि य आलेखकागदावर काढा: ती झाली सावली. क्ष-य दोन्ही सारखे येणाऱ्या टच्या जोड्या शोधा. तीनच सापडतात: (−१.९३, ०.५२), (−१.७३, १.७३), (−०.५२, १.९३). ही तीन क्रॉसिंगं. आता झ म्हणजे उंची. सहाही ठिकाणी झ काढा: ट वाढत जाईल तसे साधारण −७.६, १.७, ५.१, −५.१, −१.७, ७.६ मिळतील. प्रत्येक जोडीत उंच कोण ते बघत गेलात तर क्रम येतो खाली, वर, खाली, वर, खाली, वर. आळीपाळीने. म्हणजे खरी तिपाकळी.

आता झ = ट घ्या. सावली तीच, एक रेघही हलली नाही. पण ट वाढला की उंची वाढते, म्हणजे धागा सतत चढत जातो, गाठ गायब. सह्यकडा यांनी वर सांगितलेली उतरणीची युक्ती इथे एका ओळीच्या सूत्रात आली.

मुलांना गृहपाठ: आठही शक्यता मिळतील असे झ शोधा. आलेख काढायला मोबाइलवरचं जिओजिब्रा चालेल, त्रिमितीत फिरवूनही बघता येतं.

---

तांबडीमाती

मंडळी, किती लिहिलंत! सगळ्यांचे मनापासून आभार.

रंग घेतले, खेळ घेतला. पाच क्रॉसिंगची तारा-आकाराची सावली (पाचही क्रॉसिंगं एकाच पिळात) मुलांनी स्वतः मोजली. ३२ आकृत्यांपैकी २० कडी, १० तिपाकळी, २ पाच-पिळाच्या गाठी. एका मुलाने १, ५, १०, १०, ५, १ असं फळ्यावर लिहिलं आणि वर्ग एकदम शांत झाला, मग एकच गलका. कारण त्यांना कळलं: एका दिशेचे पीळ वजा दुसऱ्या दिशेचे पीळ, एवढंच उरतं. तीन क्रॉसिंगला १, ३, ३, १ होतं तेही मग दिसलं. मेरुप्रस्तार (पास्कलचा त्रिकोण) इथे भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

दोन प्रश्न उरलेत. यात अजून काही नवं घडतंय का, की सगळं झालेलं आहे? मुलं हे नेहमी विचारतात. आणि पाच क्रॉसिंगची दुसरी सावली (तिनाचा पीळ आणि दोनाचा पीळ) मोजायला घेतली तर उत्तर पडताळायचं कसं?

---

मृगजळ

नवं घडतंय, आणि मुलांना समजेल असं. गाठ सोडवायला कमीत कमी किती क्रॉसिंगं उलटावी लागतात, ही तिची उकलसंख्या. दोन गाठी एकामागे एक जोडल्या तर उकलसंख्यांची बेरीज होत असणार, असं फार काळ मानलं जात होतं, सिद्ध मात्र होत नव्हतं. २०२५मध्ये मार्क ब्रिटनहॅम आणि सुझन हर्मिलर यांनी ते खोटं ठरवलं. सात-पिळाची गाठ घ्या, तिची उकलसंख्या ३. तिला तिचीच आरसाप्रतिमा जोडा. सहा लागायला हवीत, पण पाचात भागतं. इतकी साधी गाठ, जिच्या सगळ्या शक्यता तुमची मुलं मेरुप्रस्ताराच्या ओळीवरून सांगू शकतील!

आणि उकलसंख्येचा तुमच्या विषयाशी थेट संबंध आहे. समजा, एखाद्या सावलीत काही ठरावीक क्रॉसिंगं विशिष्ट तऱ्हेने ठरवली की कडं नक्की. मग तीच सगळी बरोबर उलटी ठरवली तरी कडं नक्की, कारण ती आरसाप्रतिमा झाली. आता त्या सावलीवरची कुठलीही खरी गाठ घ्या. या दोन नमुन्यांपैकी निदान एकाशी तिचा फरक निम्म्या किंवा त्याहून कमी क्रॉसिंगांत असणारच. म्हणून उकलसंख्या ही हानाकींच्या पहिल्या संख्येच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही. ही सिद्धता फळ्याच्या एका कोपऱ्यात मावते, जरूर घ्या.

---

सह्यकडा

दुसऱ्या सावलीचं उत्तर, मुलांना दाखवू नका: २२ कडी, ६ तिपाकळी, २ आठाच्या गाठी, २ त्या सावलीची स्वतःची गाठ. पडताळायची सोपी रीत अशी. तिनाच्या पिळातली निव्वळ संख्या (३, १, −१ किंवा −३) आणि दोनाच्या पिळातली (२, ० किंवा −२) यांचा गुणाकार करा, १ मिळवा, चिन्ह सोडून द्या. चिन्हं अशी ठरवा की आळीपाळीच्या आकृतीत दोन्ही पीळ धन येतील. उत्तर १ आलं तर कडं, ३ आलं तर तिपाकळी, ५ आलं तर आठाची गाठ, ७ आलं तर पाचातली ती दुसरी गाठ. ही संख्या म्हणजे मृगजळ यांच्या रंगचाचणीतली भाजकसंख्याच, म्हणून ती दोन्ही बाजूंनी तपासता येते. पण बजावून सांगा: 'एक आलं म्हणजे कडं' हे अशा दोन पिळांच्या सावल्यांना लागू आहे, सरसकट सगळ्या गाठींना नाही.

म्हणजे ताऱ्याच्या सावलीची यादी २०, १०, २ आणि हिची २२, ६, २, २. दोन्हीत क्रॉसिंगं पाचच, एकही वर-खाली माहीत नाही, तरी याद्या वेगळ्या.

वाचनात एक भर: इंगा जॉन्सन आणि अ‍ॅलिसन हेन्रिच यांचं 'अ‍ॅन इंटरॅक्टिव्ह इंट्रोडक्शन टू नॉट थिअरी' (डोव्हर, २०१७). सगळं प्रश्नांतून पुढे जातं, शनिवारच्या वर्गाला ते अ‍ॅडम्सपेक्षा बरं पडेल. संगणकावर नॉटइन्फो हे गाठींच्या कोष्टकांचं संकेतस्थळ आणि स्नॅपपाय ही प्रणाली, दोन्ही मोफत. स्नॅपपायमध्ये माउसने आकृती काढता येते आणि एका क्लिकमध्ये क्रॉसिंग उलटता येतं.

---

ओरिगामीकर

या दुसऱ्या सावलीवर आमचा खेळ लावून बघा. तिथेही सोडवणारा नेहमी जिंकतो, पण दुसरा खेळताना त्याला डोकं लावावं लागतं. गाठवाल्याने दोनाच्या पिळाला हात लावला तर लगेच तिथेच उलटं उत्तर द्यायचं. तिनाच्या पिळाला लावला तर तिथे विरुद्ध दिशेचा पीळ द्यायचा, म्हणजे शेवटी तिथे एकच निव्वळ पीळ उरेल, आणि मग दोनाच्या पिळाची दिशा त्याच्या विरुद्ध निवडायची. गुणाकार −२ येतो, १ मिळवला की −१, म्हणजे कडं. सह्यकडांचं सूत्र आणि आमचा डाव जुळला!

---

तांबडीमाती

पुढच्या शनिवारी सहा क्रॉसिंगच्या सावल्या घेते. कोष्टकात सहाच्या तीन गाठी दिसतात, म्हणजे तीन सावल्या, प्रत्येकी ६४ आकृत्या. मुलांत वाटून द्यायच्या म्हणते.

---

कावेरीकाठ

सगळ्या ६४ काढायला लावू नका. एका क्रॉसिंगवर वर-खाली कायम ठेवा आणि उरलेल्या पाचांच्या ३२च काढा. बाकीच्या ३२ त्यांच्या आरसाप्रतिमा असतात: डावी तिपाकळी मिळाली असेल तिथे उजवी, आठाची गाठ मिळाली असेल तिथे आठाचीच. तीन गट केलेत तर एका गटाला एक सावली, आणि एका मुलाच्या वाट्याला सात-आठ आकृत्या येतील. चौकटीच्या कागदावर सावलीची एकच प्रत नीट काढून तिच्या झेरॉक्स काढा, मुलांनी फक्त व्हाइटनरने रेघ तोडायची.